चुलीखालचे रियाल

माझ्या नोकरीत याहून मोठे गुन्हे पुष्कळ झाले. त्यांतले बरेच आता धूसर झाले आहेत, पण चुलीखालून गेलेल्या चांदीच्या रियालांचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं. त्या तपासात चोराइतकीच चूक माझीही होती, हे त्याचं कारण असावं.

साठचं दशक संपत आलं होतं. अमिरात हा एक देश अजून व्हायचा होता. प्रत्येक शेखची हद्द वेगळी आणि पोलीस वेगळे. मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. गोदामात कारकून म्हणून आलो आणि अरबी पटकन उचलली म्हणून पोलिसांत घेतला गेलो. नेमणूक पूर्व किनाऱ्यावर, खोर फक्कानला. ठाणं म्हणजे दगडी बांधणीच्या दोन खोल्या, एक कोठडी, एक वायरलेस आणि एक लँड रोव्हर. सकाळी हजेरी, मग रोजनामचा, मग बंदरावर एक फेरी. गुन्हे फार नसत. भांडणं असत ती बकऱ्यांवरून नाहीतर विहिरीच्या पाण्यावरून.

उन्हाळा सरल्यावर एक म्हातारी ठाण्यात आली. विधवा होती. डोंगरात तिचं दगडी घर होतं. तिकडची माणसं उन्हाळ्यात खजुराच्या हंगामाला खाली किनाऱ्यावर येत आणि हवा थंड झाली की वर परतत. ती परतली तेव्हा चुलीखालची जमीन उकरलेली आणि पुरलेलं मडकं गायब. मडक्यात परदेशी राणीच्या छापाचे जुने रियाल होते, तिच्या लग्नातले. त्यांतल्या सातांना नवऱ्याने भोक पाडून तारेच्या कड्या लावल्या होत्या. ते तिच्या गळ्यातले होते.

मी फिर्याद लिहून घेतली आणि तिकडच्या रीतीने मावशी म्हणत विचारलं, "खाला, मडकं कुठे पुरलंय हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला. आणि जावयाला. नवरा गेल्यावर त्यानेच खड्डा खणून दिला."

"मुलीला?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी मी जावयाला होडीवरून उतरवून आणलं. तिशीचा, उंच, मासेमारी करणारा माणूस. घरात दुसरं काही उचकटलेलं नव्हतं, फक्त नेमकी ती जागा खणली होती. ज्याला जागा ठाऊक, त्यानेच नेलं. माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला होता.

पहिले दोन तास तो नीट बोलत होता. "जागा मला माहीत होती. मी मडकं घेतलं नाही," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. मग मी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती वापरली. म्हणालो, "मी कशाला काही बोलू? तुझ्या सासूनेच तुझं नाव घेतलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर त्याने तोंड उघडलं नाही. खायला दिलं तर खाई, नमाजाला पाणी मागे, बाकी गप्प. निरपराध माणूस ओरडतो, अपराधी गप्प बसतो, असा माझा तेव्हा पक्का समज होता. मी त्याला सहा दिवस कोठडीत ठेवलं.

सातव्या दिवशी बाजारातला सोनार आला. कच्छकडचा, सावध माणूस. दुकानात बोलायला नको म्हणून ठाण्यात आला होता. "साब, एक आदमी पुराने रियाल गलाने लाया है. तारेच्या कड्या आहेत आणि आत माती अडकलेली. मी उद्या ये म्हणून सांगितलं."

"कोण आहे?"

सोनार जरा अडखळला. "तुमच्याच मुलखाचा. रस्त्याच्या कॅम्पवरचा रेडिओवाला."

मी खुर्चीत मागे टेकलो. रस्त्याची मोजणी करणाऱ्या कॅम्पवरच्या त्या रेडिओ-मेकॅनिकला मी चांगलाच ओळखत होतो. आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठचा. शुक्रवारी त्याच्याकडे भात आणि सुकटीची आमटी खायला मी जात असे. त्याने लष्कराच्या भंगारातून जमिनीतले सुरुंग शोधायचं यंत्र मिळवून दुरुस्त केलं होतं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की कानात शिटी वाजे. वाळूतून खिळे, पितळी कड्या, एकदा एक झिजलेला तांब्याचा पैसा त्याने माझ्यासमोर काढला होता. मी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणजे जागा ठाऊक नसतानाही जागा शोधणारी वस्तू मी स्वतः पाहिली होती, आणि तपास करताना ती मला एकदाही आठवली नव्हती.

कॅम्पवर गेलो तेव्हा तो तंबूत झाळकाम करत होता. मला पाहून हसला, मागचे शिपाई पाहून थांबला.

"मडकं कुठाय?" मी विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "भाय, चोरी नाय केली. डोंगरात पडकी घरं हायत, तिथं गावलं. माणूस नाय, काय नाय. शेकडो वर्षांचं असंल असं वाटलं."

"घराला दार होतं?"

"होतं."

"उघडं?"

"दोरीने बांधलेलं."

"मग गाठ कुणी मारली होती?"

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "कुणाला तरी धरलंय असं बाजारात ऐकलं. सांगणार होतो. धीर नाय झाला." मग माझा हात धरला. "आपण एका खाडीचे. मडकं रात्री तिच्या दारात ठेवतो, खलास. नोकरी गेली तर घरी काय सांगू?"

खोटं कशाला सांगू, माझं मन डळमळलं. मडकं परत गेलं असतं, जावई सुटला असता, कुणाला काही कळलं नसतं. पण त्या जावयाच्या नावावरचा डाग मग कोण पुसणार होतं? मी कॅम्पच्या कारकुनाला साक्षीला बोलावलं, पंचनामा केला आणि मडकं व यंत्र दोन्ही जप्त केलं. सातही कडीवाले रियाल मिळाले. मेकॅनिकची नोकरी गेली आणि पुढच्या बोटीने त्याला मुंबईला धाडण्यात आलं.

जावयाला मी स्वतः कुलूप काढून बाहेर आणलं आणि माफी मागितली. त्याने चपला घातल्या आणि निघून गेला. आठवड्यात बायकोला घेऊन तो वाळवंटापलीकडे अल ऐनला बागेत कामाला गेल्याचं कळलं.

म्हातारी मुद्देमाल घ्यायला आली. रियाल तिने मोजूनही पाहिले नाहीत.

"पोरगी निरोप न घेता गेली," ती म्हणाली. "जावई म्हणतो, सासूने मला चोर ठरवलं. मी कधी असं म्हणाले? तू विचारलंस जागा कुणाला माहीत होती, मी खरं ते सांगितलं. त्याने चोरले का, असं तू मला विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर उठून गेले असते."

मी जबाबाचा कागद काढून पाहिला. त्यावर एवढंच होतं: 'जागा फिर्यादी व तिचा जावई यांस ठाऊक होती.' माझा प्रश्न कुठेच नव्हता.

पुढच्या रजेत मी गावी गेलो नाही. वाळूतून दीड दिवसाचा प्रवास करून अल ऐन गाठलं. जावई खजुराच्या बागेत पाण्याचा पाट साफ करत होता. मला पाहून त्याने फावडं खाली ठेवलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "तुझ्या सासूने तुझं नाव चोर म्हणून घेतलं नव्हतं. मी खोटं बोललो, तुझ्याकडून वदवून घ्यायला."

त्याने पाटातला गाळ फावड्याने बाहेर टाकला. मग तो म्हणाला, "सहा दिवस मी चोरीचा विचार केलाच नाही. मी तिला काय दुखवलं, हेच शोधत होतो."

त्याने मला कॉफी दिली नाही, आणि तिकडे याचा अर्थ 'तू माझा पाहुणा नाहीस' असा होतो, ते मला माहीत होतं. पण बायकोला त्याने हाक मारली आणि म्हणाला, "हा काय सांगतोय ते तू स्वतः ऐक." मी तिच्यासमोर तेच सगळं पुन्हा सांगितलं.

त्या हिवाळ्यात ती दोघं डोंगरातल्या घरी येऊन गेली, असं ऐकलं. राहिली मात्र नाहीत.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली. संशयिताशी खोटं बोलायचं मी सोडलं. त्यामुळे दोन-तीन गुन्हे हातचे गेलेही असतील. आणि हाताखालच्या प्रत्येक माणसाला मी एकच सवय लावली. जबाब घेताना समोरच्याचं उत्तर लिहायच्या आधी आपला प्रश्न लिहा, अगदी शब्दाला शब्द. नवीन पोरं कुरकुर करत, "साहेब, कागद दुप्पट लागतो."

मी म्हणे, "लागू दे."