ब्रेकचा लाल दिवा

जुनी गाडी घेऊन आठवडाही झाला नव्हता. सुरतेतच लिंबायतहून आईला भेस्तानला ताईकडे नेत होतो, तेवढ्यात स्टिअरिंगसमोर ब्रेकचा लाल दिवा लागला. हँडब्रेक तर खालीच होता. "बाजूला घे रे," आई म्हणाली.

रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधून मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी वाकून चाकं बघितली, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाखाली तेलावर तरंगणारा अंगठ्याएवढा फ्लोट लोंबत होता.

"तेल कमी झालं की हा खाली येतो आणि दिवा लागतो. मागच्या चाकाजवळ गळती आहे. बरं झालं थांबलात."

जन्मभर कापडाच्या लूमच्या खडखडाटात काम केलेली आई वाकून त्या फ्लोटकडे बघत राहिली.

"एवढंसं हे, आणि आपल्याला सांभाळत होतं?"

गळती दुरुस्त होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.