पिठूळ आवाज

माझा मामा सोफ्यांना कापड चढवतो, त्यामुळे आवाजसुद्धा चिमटीत धरून बघायची त्याला सवय. शेजारी कुणी नवा स्पीकर आणला की हा न बोलावता हजर. डोळे मिटणार, मान तिरकी करणार, अंगठ्यावर बोट घासणार आणि नाकातून म्हणणार, “अंऽऽ... पिठूळ आहे.”

पिठूळ म्हणजे काय, हे विचारायची सोय नाही. “कान असते तर विचारलं असतंस का?”

त्याच्या हिशेबी जगात अस्सल आवाज एकच, हॉलच्या खिडकीला पाठ लावून उभ्या असलेल्या त्याच्या दोन स्पीकरांचा. एकेक कपाटाएवढा. नेमकी तीच खिडकी मामीला शिलाई मशीनसाठी हवी होती. सोफ्याची कव्हरं ती अंधाऱ्या बोळकांडीत शिवायची आणि सुईत दोरा ओवताना दोऱ्याचा उद्धार करायची.

गेल्या रविवारी मी माझे नवे, छोटेसे स्पीकर दाखवायला नेले. मामाने बोट घासायला घेतलं, तेवढ्यात मामी म्हणाली, “अहो, डोळे बांधून सांगा बघू. तुमचे ओळखलेत तर मी बोळातच मरते. चुकलात तर खिडकी माझी.”

“बांध! घट्ट बांध!”

कव्हराची चिंधी डोळ्यांवर आली. मामीने गाणं लावलं.

“हॅऽऽ! पिठूळ. गादीत कापसाऐवजी पेपर कोंबलाय. हे भाचीबाईंचं डबडं.”

मामीने खटका दाबल्याचा आवाज केला, तोंडाने. मी उशी चावली. तेच गाणं पुन्हा लागलं.

“आऽऽहा! याला म्हणतात पोत. हे माझे!”

“दोन्ही वेळा तुमचेच होते,” मामी म्हणाली.

मामाने चिंधी हळूहळू सोडली. स्पीकरकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा गडगडणार. पण तो मान तिरकी करून म्हणाला, “मग बरोबरच आहे. पहिल्यांदा ते थंड होते. थंड स्पीकर पिठूळच वाजतो.”

“हो का? आता तापलेत ना?”

“चांगलेच.”

“मग निवायच्या आत उचला.”

मामाने एक स्पीकर मिठीत घेतला आणि बोळकांडीकडे सरकू लागला. स्पीकरच्या पलीकडून त्याचा दबका आवाज आला, “भाचीबाई, दुसऱ्याला हात लाव. आणि जपून गं, अस्सल माल आहे!”