चाचींची लस आणि आईचा चुडा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगतो: लोहाऱ्याच्या बांगडीवाल्या चाचींचे. आईवडिलांचे उपकार असतातच, ते वेगळे धरायचे. पण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणजे मी, चाचींच्या दुकानामागच्या खोलीत तयार झाला. माकणीहून रोज कॉलेजला येणं जमत नव्हतं आणि खोली भाड्यानं घ्यायची ऐपत नव्हती. आई चाचींकडं बांगड्या भरायला गेली होती, तिनं सहज अडचण सांगितली. चाची म्हणाल्या, "मागं माल ठेवायची खोली हाय. माल झोपतो तिथं, हा बी झोपंल."

त्या खोलीत तिन्ही भिंतींना काचेच्या बांगड्यांचे खोके छतापर्यंत रचलेले होते आणि मधे एका माणसापुरती जागा होती. तीन वर्षं मी कूस न बदलता झोपलो. आजही मी इतका सरळ आणि गप्प झोपतो, की बायको अधूनमधून नाकाला हात लावून बघते. संध्याकाळी चाची भाकरी वाढायच्या आणि विचारायच्या, "काय शिकलास आज?" मी सांगायचो. त्यातलं जे आवडेल ते त्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना सांगायच्या. लोहाऱ्यातल्या कितीतरी बायकांना फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवल्याची बातमी हिरव्या बांगड्या भरताना कळली. एकीनं विचारलं होतं म्हणे, "मग त्याच्या बायकोनं बांगड्या कुठं फोडल्या?"

पदवी हातात पडली त्या दिवसापासून चाचींनी माझं नाव टाकून दिलं. तेव्हापासून मी 'बीए'. आता धाराशिवला शाळेत इतिहास शिकवतो, दोन पोरांचा बाप आहे, तरी भर बाजारात हाक येते, "ए बीए, हिकडं ये!" आणि बीए झालेल्या माणसाला जगातलं सगळं येतं, ही त्यांची श्रद्धा. मिक्सर दुरुस्तीपासून जावयाला समजावण्यापर्यंत.

त्यामुळं चाचींनी हजला जायचं ठरवलं, तेव्हा ऑनलाइन अर्ज भरायचं काम बीएकडंच आलं. चाचा असताना दोघांनी मिळून अर्ज केले होते, पण सोडतीत नंबर लागला नव्हता. मग चाचा गेले. आता चाचींच्या सोबतीला त्यांचा धाकटा भाऊ निघाला होता. त्याचं येडशीला पंक्चरचं दुकान आहे. मी त्याला मामू म्हणतो.

अर्जाला फोटो लागत होता, मागं पांढरं आणि चेहरा मोठा. चाची खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात गालांशी आणून कोपरापर्यंतच्या बांगड्या दाखवल्या.

फोटोवाला म्हणाला, "हात खाली घ्या, चाची."

"हात न्हाय दिसले तर लोक वळखतील कसं?"

"तिथं कोण ओळखतंय तुम्हाला?"

"म्हणून तर म्हणते!"

शेवटी मामूनं मागून हात धरून ठेवले आणि फोटो निघाला. त्या फोटोत चाची पकडून आणल्यासारख्या दिसतात.

ह्या वेळी सोडतीत दोघांचा नंबर लागला. चाचींनी त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला एक-एक बांगडी फुकट भरली आणि प्रत्येकीजवळ थोडं-थोडं रडल्या. संध्याकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर आलेल्या सूचना वाचून दाखवू लागलो. बॅगेवर नाव मोठ्या अक्षरात लिहायचं. "हौ." रोज चालायचा सराव करायचा. "हौ. चालतच तर बाजार केले जिंदगीभर." प्रशिक्षणाला हजर राहायचं, डॉक्टरकडून तब्येत तपासून घ्यायची. "हौ, हौ." मेंदूज्वराची लस, दंडात…

"नक्को. पुढचं वाच."

"चाची, ही सगळ्यांना लागते. लस घेतल्याचं कार्ड नसलं तर जाता येत नाही."

"बाकीचं सगळं करते म्हणलं की. एक राहिलं तर काय बिघडतंय? तुला तरी परीक्षेत शंभर मिळाले व्हते का?"

मग मामूनं मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. चाची लहान असताना गावात देवी टोचणारा माणूस आला होता. चाची रिकाम्या कणगीत जाऊन लपल्या. त्यानं पाय धरून बाहेर ओढलं आणि टोचलं. त्या दिवसानंतर चाचींच्या अंगाला सुई लागलेली नाही. दोन्ही मुली घरातच झाल्या. दाढसुद्धा त्यांनी इंजेक्शनशिवाय उपटून घेतली. दाढ काढणारा डॉक्टर म्हणे घामाघूम झाला होता.

मला हसू आवरेना. कारण दुसऱ्यांचे हात दाबून त्यांना रडवण्यात चाचींचा हात कुणी धरणार नाही. बांगडी जितकी घट्ट तितकी शोभते, हा त्यांचा धर्म. हाताकडं नुसतं बघून माप सांगतात, "दोन-चार," "दोन-सहा," आणि नेहमी एक माप कमीच सांगतात. नवरीनं भीतीनं हात ताठ केला, तर त्यांचा एक ठरलेला डाव असतो. पंजा दाबता दाबता त्या सहज म्हणतात, "तुझ्या आईच्या आमटीला चव न्हाय म्हणं?" पोरगी उसळते, "कोण म्हणतं?" तेवढ्यात बांगडी मनगटात जाऊन बसलेली असते.

लसीच्या दिवशी आम्ही तिघं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सुरुवात चांगली झाली. आधी पोलिओचे थेंब होते. पांढऱ्या दाढीची माणसं ओळीनं बाकावर बसून चिमणीच्या पिल्लांसारखा आ वासत होती. ओळीतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "नातवाला घेऊन आलतो गेल्या साली. आता घरी गेल्यावर त्यो इचारंल, आजोबा रडलात का?" चाचींना थेंब फार आवडले. "सिस्टर, आणखी चार टाक. सुईच्या बदल्यात."

"तसं नसतं, आजी. दंड मोकळा करा."

चाचींनी बाही वर केली आणि देवीचा जुना व्रण पुढं केला. "हे बघ, माझी झालीया."

"ही देवीची आहे. मेंदूज्वराची वेगळी."

"एवढ्या वर्षांमागची सुई हाय, आतापातूर डोक्यापर्यंत पोचली असंल की!"

सिस्टर हसली आणि सुई काढायला वळली. चाची म्हणाल्या, "जरा मोरीत जाऊन येते." आम्ही बराच वेळ थांबलो. मामूनं सगळा दवाखाना शोधला. अखेर त्या बसस्थानकात सापडल्या, लोहाऱ्याच्या गाडीत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, तोंडावर पदर ओढून. मामू खिडकीशी जाऊन म्हणाला, "आपा, सुई है, तलवार नहीं!"

"तलवार असती तर थांबले असते," चाची पदराआडून म्हणाल्या.

राहिलेल्या लोकांसाठी आणखी एक दिवस ठेवला होता. तो शेवटचा. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी व्हायलाच हवी होती. म्हणजे तो दिवस चुकला की हज चुकला, चाचींचाही आणि मामूचाही, कारण तो म्हणाला, "आपा नाही तर मी तिथं एकटा जाऊन काय करू? मला रस्ते लक्षात राहत नाहीत." हे खरंही होतं. मधे एकदा मी दुकानात गेलो तेव्हा मागच्या खोलीत, माझ्या जागेवर, नवी बॅग ठेवलेली होती. ओळखू यावी म्हणून तिला हिरव्या फिती बांधल्या होत्या. चाची तिच्याजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "नशिबात असतं तर चाचा असतानाच लागला असता नंबर. राहू दे, बीए. सगळ्यांनाच कुठं बोलावणं येतं." त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू आलं नाही. बोलावणं तर आलं होतं. ते त्या एका सुईपाशी अडलं होतं.

मी आईला फोन केला. आई म्हणाली, "मी येते. हात धरते तिचा. माझा तिनं धरलाय की लई वेळा."

शेवटच्या दिवशी आई लग्नाला निघाल्यासारखी इरकल नेसून आली. चाचींना मधे बसवून एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी आणि दारात मामू उभा, म्हणजे पळायला वाट नव्हती. सिस्टर सुई घेऊन आली. मी मनात ठरवून आलो होतो. चाचींचाच डाव त्यांच्यावर टाकायचा. मी सहज आवाज काढून म्हणालो, "चाची, माकणीत बायका म्हणत होत्या, तुमच्या बांगड्या दोन दिवसांत पिचतात."

चाचींनी माझ्याकडं नुसतं बघितलं. "बीए, माझाच डाव मला? आन् इतका कच्चा? आवाज तरी नीट काढायचास." आणि त्या उठून उभ्या राहिल्या. "चला. झालं. जाऊ दे."

मामूनं दार अडवलं. सिस्टर सुई वर धरून थांबली. मला वाटलं, संपलं. एवढ्यात आई म्हणाली, "खोटं काय बोलला त्यो?"

चाची वळल्या. "काय म्हणालीस?"

"पिचत न्हाईत, ते खरं. पिचायला जागाच ठेवत न्हाय तुम्ही. माझ्या लग्नात दोन-सहाचा हात होता माझा. तुम्ही दोन-चारचा चुडा चढवलात."

"दोन-चारचाच व्हता!"

"दोन-सहा! हात सुजून ह्यो एवढा झाला. फोटोत बघा, सगळ्या फोटोंत तोंड वाकडं. माझी सासू मरेपर्यंत सांगायची, ही पहिल्या दिवसापासून फुगूनच आलीया. ते तुमच्यामुळं, चाची!"

चाची मटकन बाकावर बसल्या, पण भांडायला. "अगं ए, तुझा हात चुड्यानं न्हाय सुजला, जिलेबीनं सुजला! हळदीच्या रात्री परातीपाशी कोण बसलं व्हतं?"

"मी? मला उपास होता!"

"उपास! ओच्यात बांधून नेल्या व्हत्यास! मी माझ्या डोळ्यानं बघितलं!"

"आजी, दंड सैल सोडा," सिस्टर म्हणाली.

"थांब गं बाई, हिला आधी बोलू दे! कुणी खाल्ल्या मग जिलेब्या?"

"माझ्या भावानं!"

"तुझा भाऊ तेव्हा रांगत व्हता!"

"त्यो न्हाय, थोरला!"

"थोरला मांडवात बल्ब लावत व्हता, मी त्याच्या बायकोला बांगड्या भरत बसले व्हते, मला इचार!" हे सगळं चाची उजवा हात हवेत फिरवून सांगत होत्या. डाव्या हाताकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, चाचींचंसुद्धा. सिस्टरनं तेवढ्यात आपलं काम उरकलं आणि कापूस दाबला.

"झालं. धरा हा."

"काय झालं?"

"लस."

चाचींनी कापसाकडं बघितलं. मग आईकडं, मग माझ्याकडं. थोडा विचार केला, आणि मग सावकाश, सगळा दम गोळा करून किंचाळल्या. बाहेरच्या ओळीतली तीन माणसं उठून घरी निघाली होती, त्यांना मामूनं परत आणलं. वर चाची सिस्टरला म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाईस व्हय? वेळेवर वरडले असते."

कार्ड मिळालं, शिक्का बसला. परतीच्या गाडीत आई आणि चाची एकमेकींशी बोलल्या नाहीत.

हजला जाणारा माणूस निघण्याआधी सगळ्यांकडं जाऊन झाल्या-गेल्याची माफी मागतो. चाचींनी तर गावंच्या गावं पालथी घातली. माकणीला आमच्या दारातही आल्या. "कहा-सुना माफ कर गं," त्या आईला म्हणाल्या.

आई म्हणाली, "चुडा सोडून बाकी सगळं माफ."

"चुड्याची मागतंय कोण? माप बरोबर व्हतं." मग बसून चहा प्यायल्या, आईच्या हाताकडं एकदा बारकाईनं बघितलं आणि गेल्या.

शाळेच्या परीक्षेमुळं मला त्यांना पोचवायला विमानतळावर जाता आलं नाही. म्हणून मी पत्र लिहिलं आणि मामूच्या मोबाइलवर पाठवलं, तिथं वाचून दाखव म्हणून.

तीर्थस्वरूप चाचींना साष्टांग नमस्कार आणि सलाम.

आपण सुखरूप पोचल्याचं मामूनं कळवलं. दंड आता दुखत नसेल. त्या हातानं बॅग उचलू नका, मामूला उचलू द्या. फार चालणं झालं की बसत जा. रस्त्यात मामूचा हात सोडू नका, तो हरवेल. पाणी भरपूर प्या. दुकानाचं कुलूप मी रविवारी पाहून आलो, ठीक आहे.

मी जो काही आहे तो आपल्यामुळं, हे मला आपल्यासमोर कधी बोलता आलं नाही. बोलायला गेलं की आपण भाकरी वाढता. म्हणून लिहितो आहे. मामूनं हा भाग जरा मोठ्यानं वाचावा.

त्या दिवशी दवाखान्यात आई मुद्दाम भांडली असेल, असं मला वाटत होतं. मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "मुद्दाम कशाला? पस्तीस वर्षं बोलायचं होतं, बाई हातात सापडत नव्हती." तेव्हा उपकार मानायचे तर सिस्टरचे माना.

आईचा एक निरोप आहे. तिथं उभ्या राहून आपण सगळ्यांसाठी दुवा मागाल. आई म्हणते, माझ्यासाठीही मागा, गुडघ्यांसाठी मागा, पण चुड्याचा विषय तिथं काढू नका. तिथं आपण एकट्याच बोलणार, आणि देव आपलंच ऐकून घेईल. तिची बाजू मांडायला तिकडं कुणी नाही. आपण परत आल्यावर दोघींनी समोरासमोर बसावं, असं तिचं म्हणणं आहे. तोवर तिनं लग्नाचा अल्बम माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे.

आपला आज्ञाधारक
बीए