अण्णांनी खोडलेलं पान

आमच्या प्रयोगशाळेत स्टीलचा चमचासुद्धा आणायला बंदी होती. घड्याळ, किल्ल्या, केसांतल्या पिना, सगळं दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायचं. धातूशिवायचा, निव्वळ सेंद्रिय रेणूंचा चुंबक इलेक्ट्रॉनिक्ससाठी शोधायचा, हा आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णा यांचा तीस वर्षांचा ध्यास. लोखंडाचा कण नमुन्यात पडला तरी खोटं चुंबकत्व दिसतं. त्यामुळे कोणी आनंदाने आलेख दाखवायला गेलं, की अण्णा कानडी ढंगात म्हणत, "स्वल्प थांब. आधी लोखंड कुठून आलं ते सांग." आम्ही त्यांना माघारी लोखंडअण्णाच म्हणायचो.

इलेक्ट्रॉनिक सिटीतली आयटीची नोकरी सोडून मी त्यांच्याकडे आलो, तो संगणकाला असे रेणू हेरायला शिकवण्यासाठी. अण्णांचा मशीन लर्निंगवर फारसा भरवसा नव्हता. तरी त्यांनी सगळ्या जुन्या वह्या माझ्या हवाली केल्या. "फसलेलंपण शिकव त्याला," म्हणाले. मी फक्त खोडलेली पानं वगळली.

संगणकाच्या यादीत पहिला आलेला रेणू पाहून मी हादरलो. तो अशाच एका खोडलेल्या पानावर होता. पान सुमनताईंचं, बारा वर्षांपूर्वीच्या बेळगावच्या विद्यार्थिनीचं. चुंबकत्व मिळाल्याचं त्यांनी लिहिलं होतं. त्यावर आडवी रेघ आणि अण्णांचं अक्षर: लोखंडाची भेसळ. त्यानंतर महिन्याभरात सुमनताईंनी पीएचडी सोडली होती.

अण्णांनी तो पदार्थ स्वतःच्या हातांनी तीनदा बनवला. लोखंड असतं तर तापवल्यावरही चुंबकत्व टिकलं असतं. हे अतिथंडीत उमटायचं आणि तिन्ही वेळा एकाच तापमानाला नाहीसं व्हायचं. तिसरा आलेख अण्णांनी त्या खोडलेल्या पानाशेजारी ठेवला.

"मी तिला परत मोजूसुद्धा दिलं नाही रे."

दुसऱ्या दिवशी आम्ही येलहंकाला गेलो. सुमनताई तिथल्या शाळेत शिकवत होत्या. व्हरांड्यात उभ्याउभ्याच अण्णांनी सगळं सांगितलं, चूक कबूल केली, शोधनिबंधावर पहिलं नाव तुझंच राहील म्हणाले. सुमनताई भिंतीला टेकल्या.

"नाव नको होतं सर. मला आणखी एकदा मोजू द्यायला हवं होतं."

शनिवारी प्रयोगशाळेत येशील का, एवढंच अण्णांनी विचारलं.

त्या आल्या. अण्णांच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा शनिवार. नमुना सुमनताईंनी स्वतः यंत्रात ठेवला. त्या आकडे वाचत होत्या आणि शेजारी बसून अण्णा ते वहीत उतरवत होते. मध्येच थांबून सुमनताई डोळे पुसू लागल्या. अण्णांनी पेन कागदावरून उचललं नाही.

"सावकाश सांग, अक्का," ते सुमनताईंना म्हणाले. "मला कुठं जायचं नाही."