चौथ्या ओळीतलं नववं अक्षर

"खाली बस! छंद कानात असावा लागतो. तुमच्या वस्तीतल्या कानात नुसता डीजे!"

सर बोलले आणि शेलूबाजारच्या कॉलेजातला बीएचा वर्ग एवढा हसला, की पंखे उलटे फिरले. मंगरूळपीरपर्यंत ऐकू गेलं असेल.

फळ्यावर सरांचीच निसर्गकविता होती. सर बागायतदाराचे चिरंजीव; रान त्यांनी बांधावरूनच पाहिलेलं.

रान डुले, रान डुले,
वारा झुलवितो झुले;
शेतामध्ये सोनफुले,
आनंदाने मन हे फुले.

'रान डुले' दोनदा कायले, असं त्यांनीच विचारलं होतं. मी म्हटलं, "मागं राह्यलेल्या बाईसाठी, सर."

माझी आई निंदणाला, पिकातलं तण काढायला जाते. बाया गाणं म्हणत आपापल्या तासानं, पिकाच्या ओळीनं पुढं सरकतात. एखादी मागं पडली, की ती बरोबरीला येईस्तोवर बाकीच्या तीच ओळ घोळवतात. पुढची ओळ म्हणायचीच नाही. पुनरुक्तीचं याहून मोठं कारण मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. या उत्तरावर तो डीजे आला. वर म्हणाले, "कविता आहे ही. मजुरीण बायांचा धिंगाणा नाही."

माझी आई धिंगाणा?

कान असे तापले, की वर भाकर भाजून निघाली असती. बसली नाही मी. बोटांवर मोजू लागली. पहिली ओळ, आठ अक्षरं. दुसरी आठ. तिसरी आठ. चौथी नऊ. परत मोजली. नऊच.

"सर, यमक पक्कं हाय. पण चौथ्या ओळीत एक अक्षर जास्त हाय. 'हे' उगाच घुसलं. माह्या आईनं गाता गाताच टोकलं असतं."

"बाहेर हो!"

"मोजून पाहा. मंग जातो."

खडू त्यांच्या हातातच तुटला. मोजलं नाही. मीही हलली नाही, घंटा होईस्तोवर.

आज मी कॉलेजात छंदच शिकवते. मागच्या महिन्यात सरांचा कवितासंग्रह टपालानं आला, एका मासिकाकडून परीक्षणासाठी. पाठोपाठ फोन.

"बेटा, जरा सांभाळून लिहिजो."

"आधी माह्या आईची माफी मागा, सर."

"आई? काहून? काय झालं?"

आठवतही नव्हतं त्यांना. आठवलं असतं तर कदाचित विरघळली असती मी. आता नाही. एकेक लंगडी ओळ पान क्रमांकासकट दाखवणार. आणि अंक छापून आला, की सरांच्या घरी जाणार. ओसरीवर नाही थांबणार. बैठकीत खुर्ची ओढून बसणार आणि परीक्षण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचणार. त्यांच्या घरच्यांसमोर.