होऽ होऽ म्हटलं की गाडी थांबते

“ब्रेक! आबा, ब्रेक दाबा! मधला! मधलाऽऽ!”

हे ओरडणं माझं होतं. शेजारी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले आबा माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होते. “होऽ! होऽ होऽऽ!” आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीशी ओढत होते. बैलांचा कासरा खेचावा तसं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर स्टिअरिंग उपटून त्यांच्या मांडीवर आलं असतं, इतकी त्या हातांत ताकद होती.

समोर केळ्यांची हातगाडी होती. हातगाडीवाला आम्हाला बघून कठड्यावर चढला, आणि कठड्यावरून, देवाशप्पथ सांगतो, झाडावर. आमच्या गाडीनं हातगाडीच्या कडेला चाटून जाताना केळ्यांची एक फणी अलगद बॉनेटवर उचलून घेतली. मग डावीकडे बांधकामाचा वाळूचा ढीग आला. त्यात गाडीनं नाक खुपसलं, एक उचकी दिली आणि बंद पडली.

“मास्तर,” आबा घाम पुसत म्हणाले, “मी वढी ऱ्हायनू, पन गाडी थांबतच नही!”

वाचणाऱ्यांना वाटेल, शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही ब्रेक असतो, त्याचं काय झालं? असतो. माझ्या बाजूलाही होता. फक्त माझे दोन्ही पाय त्या वेळी सीटवर होते. मांडी घालून बसलो होतो मी, पंगतीला बसल्यासारखा. भीती वाटली की माझे पाय आपोआप वर येतात, लहानपणी पलंगाखालच्या भुताला घाबरून यायचे तसेच.

धुळ्याच्या देवपुरात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि फोन उचलायला बायको. पाटीवर मी ‘निर्भय व्हा’ असं लिहून घेतलंय. रंगाऱ्यानं विचारलं होतं, “कोणाला सांगताय, गिऱ्हाइकाला का स्वतःला?” धुळ्यातले रंगारी फार बोलतात.

खरं म्हणजे माझ्याइतका भित्रा माणूस तापी ते पांझरा या पट्ट्यात दुसरा सापडणार नाही. शिकाऊ माणसानं क्लच सोडला की माझ्या छातीची धडधड इतकी वाढते, की एकदा नदीपलीकडच्या बँडवाल्यांनी त्यावर ताल धरला होता. पण धंदा करायचा तर ही धडधड झाकावी लागते. त्यासाठी मी गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, मे महिन्यातसुद्धा. घाम दिसला की शिकणारा आधी तुमच्याकडे बघतो, मग रस्त्याकडे. तेवढ्यात रस्ता संपतो. नवीन क्लास काढणाऱ्या कोणालाही मी हेच सांगीन, मग तो गाडीचा असो, शिवणाचा असो की इंग्रजीचा. आधी शर्ट बघून घ्या.

स्वतःला धीर द्यायचाही एक प्रयोग मी करून बघितला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी घाबरत नाही, मी घाबरत नाही. चौथ्या दिवशी आरशाला तडा गेला. बायको म्हणते तो पडला म्हणून गेला. मला माहीत आहे कशामुळे गेला.

त्या दिवशी वाळू झटकत घरी आलो आणि बायकोला सांगून टाकलं, “बंद. उद्यापासून आबांना शिकवणं बंद. माझी एकच गाडी आहे, आणि जीवही एकच.”

“अहो, तुम्हाला जत्रेतल्या पाळण्यात बसवत नाही,” ती कणीक मळता मळता म्हणाली, “आणि निघालात दुनियेला गाडी शिकवायला! मी लग्नातच ओळखलं होतं. घोडी हलली तर नवरदेव नवरीआधी रडला.”

“घोडी चावरी होती.”

“घोडी झोपली होती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्रीकडून येणाऱ्या पहिल्या एसटीनं आबा हजर. हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. मी नकार घोळवून तयारच ठेवला होता. पण आबा ओट्यावर टेकले आणि पिशवीकडे बघत बोलायला लागले. पोरगा सुरतेला. जाताना गाडी गावात ठेवून गेला, दारात शोभेला. घरी दोघंच, आबा आणि त्यांची बायको, आक्का. आक्काला दमा. मागे एकदा तिचा श्वास अडकला, तेव्हा गावातले सगळे गाडीवाले एका लग्नाला गेलेले.

“घरमा तिना जीव वर, आनि दारमा गाडी उभी,” आबा म्हणाले. “चालावनारा कोनी नही. मी गाडीनी काच पुशी ऱ्हायंतू, मास्तर. काय करू ते समजे ना, म्हनून काच पुसत बसनू.”

शेवटी बैलगाडीतून रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथं एक टेम्पो मिळाला, म्हणून आक्का वाचली. पुढच्या खेपेला टेम्पो असेलच असं नाही.

नकार बाजूला ठेवून मी वांग्यांची पिशवी आत नेऊन ठेवली. भीती मात्र गेली नाही. उलट दुप्पट झाली, कारण आता त्यात आबांचीही मिसळली.

दिवसभर विचार केला. आबांचं चुकत कुठे होतं? उभा जन्म बैल हाकले. थांबायचं म्हटलं की हात कासरा ओढतात आणि तोंडातून ‘होऽ होऽ’ निघतं. बिचकलेल्या बैलाला आमच्याकडे असंच शांत करतात. ती सवय हाडात मुरलेली. तिला मी ओरडून ओरडून बाहेर काढायला निघालो होतो. इथं शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, फुकट आहे. शिकणाऱ्याची जुनी सवय मोडायला जाऊ नका. तिच्या शेपटीला नवी सवय बांधा. आणि ज्याची भीती वाटते ते आधी इंजिन बंद ठेवून शिकवा.

मी तर गाडीच बाजूला ठेवली. ओट्यावर आबांना खुर्ची दिली, पायाशी तीन विटा मांडल्या. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. हातात स्टिअरिंग म्हणून बायकोची पितळी परात. परात छातीशी ओढली की पुन्हा पहिल्यापासून, असा कायदा. तोंडानं ‘होऽ’ म्हणायला मोकळीक, पण ‘होऽ’ म्हटलं की मधली वीट दाबायची.

“माझी परात!” बायको आतून ओरडली. “मी कणीक कशात मळू, तुमच्या गाडीच्या टपावर?”

“आक्कासाठी आहे ती!” मी म्हणालो.  त्यावर ती स्वतःच ओट्यावर येऊन रस्त्यातली गाय, शाळेची पोरं, समोरून येणारी एसटी असं काय काय होऊन आबांच्या खुर्चीसमोरून जायला लागली. तिची एसटी तर इतकी हुबेहूब होती, की कोपऱ्यावर एका म्हातारीनं हात करून विचारलं, पाचोऱ्याला जाते का?

मधली वीट झिजून निम्मी झाल्यावर आम्ही रस्त्यावर उतरलो. आणि चमत्कार! आबा ‘होऽ होऽ’ म्हणायचे आणि गाडी थांबायची. सिग्नल आला, होऽ. म्हैस आली, होऽ. काहीच आलं नाही आणि नुसता मी दचकलो, तरी होऽ. देवपुरातल्या निम्म्या दुचाक्या आमच्या आवाजानं थांबायला लागल्या. गंमत म्हणजे ती हाक ऐकली की माझेही पाय सीटवरून खाली यायचे, श्वास जागेवर यायचा. मला वाटलं, काय शोध लावलाय मी! बायकोला म्हटलं, पाटीवर आणखी एक ओळ लिहून घेऊ.

मग लायसन्सच्या परीक्षेचा दिवस आला. मैदान, त्यात इंग्रजी आठाच्या आकाराचा रस्ता, पलीकडे चढ आणि उतार. उताराखाली पांढरी रेघ, रेघेवर थांबायचं. रेघेच्या थोडं पुढे कडुलिंबाचं झाड, त्याखाली परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांचं टेबल. टेबलाशेजारच्या बाकावर आक्का. तिच्या पिशवीत दम्याचा पंप होता.

साहेब मला म्हणाले, “तुम्ही उतरा. आज ते एकटे.”

मी उतरलो. माझे कान इतके तापले, की त्यांवर कळण्याची भाकरी भाजून निघाली असती. आबांनी आठ घातला, हळूहळू, वखराचं तास धरल्यासारखा. चढ चढले. गाडी माथ्यावर आली आणि मग तोंड खाली करून उताराला लागली.

मी कान टवकारून ‘होऽ’ ची वाट बघत होतो. आलं नाही.

गाडी खाली येतेय. रेघ जवळ. होऽ नाही. मी स्वतःच तर शिकवलं होतं, हाक आली की पाय जाईल. हाकच नाही तर पाय कसला जातोय! समोर टेबल, साहेब, आणि बाकावर आक्का. जिच्यासाठी सगळं चाललं होतं, तीच गाडीच्या सरळ रेषेत बसलेली. मी भर मैदानात बोंब ठोकली, “आबाऽ! होऽ म्हणा! होऽऽ होऽऽ!” रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी डोळे घट्ट मिटले. पाय वर घ्यायला सीट नव्हती, म्हणून एकाच पायावर उभा राहिलो.

काहीच आवाज झाला नाही.

डोळे उघडले तेव्हा गाडीची पुढची चाकं रेघेवर होती. साहेब कागदावर सही करत होते. आक्का पदर तोंडाला लावून हसत होती, गाडीकडे नाही, माझ्याकडे बघून.

आबा खाली उतरले, दार लोटलं आणि काचेवरची धूळ बाहीनं पुसली. मी धावत गेलो. 

“आबा, पास झालात! पण... पण आज तुम्ही होऽ होऽ का नाही म्हटलं? इतके दिवस गाडीला म्हणत होतात ना?”

“गाडी कोठे बिचकस, मास्तर?” आबा म्हणाले. “बिचकतस तुम्ही. आज तुम्ही गाडीमा नव्हतात.”