नैना हेगला गेली ते वर्ष

सुशांत देशकरला भांडणाची मनापासून भीती वाटायची आणि लग्न त्याने केलं ते सरकारी वकील बाईंशी. तो नागपूरच्या धरमपेठेतला. अमेरिकेत शिकायला आला आणि पुढे सिएटलजवळच्या रेडमंडला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत चिकटला. नैना शिकागोत जन्मलेली, भारतीय दुकानांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत वाढलेली. ती चिडली की मराठी सोडून इंग्रजीत शिरायची. सुशांत सहसा चिडायचाच नाही, पण चिडला की थेट नागपुरी बोलायला लागायचा. त्यांची मुलगी नेत्रा सात वर्षांची. दोघांचंही सगळं तिला कळायचं आणि उत्तर ती स्वतःच्या सोयीच्या भाषेत द्यायची.

नैना सिएटलच्या कोर्टात म्हाताऱ्या माणसांना फसवणाऱ्यांवर खटले चालवायची. २००५च्या सुरुवातीला मिसेस लिंडक्विस्ट नावाच्या निवृत्त संगीतशिक्षिकेचं प्रकरण तिच्याकडे आलं. 'स्पेनमधली लॉटरी तुम्हाला लागली आहे' असे फोन करून त्यांना कोणीतरी पार लुबाडलं होतं. हाती लागला तो फक्त पैशांची पाकिटं पोचवणारा एक स्थानिक माणूस. त्याला शिक्षा झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात मिसेस लिंडक्विस्ट नैनाचा हात धरून म्हणाल्या, "पण फोनवर तो नव्हताच. तो आवाज वेगळा होता. त्याला कोण पकडणार?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर नैना बराच वेळ गाडीतच बसून राहिली. सुशांत छत्री घेऊन बाहेर आला आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसला. नुसतं शेजारी बसणं त्याला चांगलं जमायचं.

त्यानंतर महिन्याभरात तिने अर्ज केला. हेगमध्ये एक कचेरी होती. युरोपातल्या निरनिराळ्या देशांचे जज आणि सरकारी वकील तिथे दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणाला यायचे, एकमेकांच्या शेजारी बसून एकमेकांच्या देशांचे कायदे शिकायचे आणि सरहद्दी ओलांडून जाणारे गुन्हे मिळून हाताळायचे. कुठल्याशा फाउंडेशनने त्यात एक जागा अमेरिकेतल्या वकिलासाठी मिळवली होती. ती नैनाला मिळाली.

"दहा महिने," जेवताना ती म्हणाली. "सप्टेंबर ते जून."

"जा की," सुशांत म्हणाला आणि भाताचा पुढचा घास घेतला. दहा महिने म्हणजे नक्की काय, हे त्याला एअरपोर्टवरून परत येताना कळलं. मागच्या सीटवरून नेत्राने विचारलं, "बाबा, हू विल डू माय वेणी?"

पहिले काही आठवडे शाळेत नेत्राची वेणी पाहून तिच्या टीचर नुसत्या हसायच्या. पोळ्यांचा नाद सुशांतने लवकरच सोडला. ऑफिसात नवीन प्रॉडक्टची गडबड होती आणि हा मात्र पाच वाजले की लॅपटॉप मिटून पळायचा. मॅनेजरने दोनदा भुवया उंचावल्या, तिसऱ्यांदा नाद सोडला. शेजारच्या पद्मिनीकाकू भरलेला डबा घेऊन यायच्या आणि दारातच आवाज खाली आणून विचारायच्या, "काही झालंय का रे तुमच्यात?"

"नाही हो काकू. ती ट्रेनिंगला गेलीये."

"हो रे, सांगायला तसंच सांगतात," असं म्हणून काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मराठी मंडळाच्या दिवाळीपर्यंत 'दोघांचं बिनसलंय' ही बातमी शेजारच्या बेलव्ह्यू गावापर्यंत पोचली होती. त्या कार्यक्रमात दोन बायकांनी सुशांतला आग्रहाने जास्तीची करंजी वाढली. त्याने दोन्ही खाल्ल्या.

तिकडे नैनाचं बरं चाललं नव्हतं. सिएटलच्या कोर्टात ती उठून उभी राहिली की समोरचा वकील कागद सावरायला लागायचा. हेगमध्ये उभं कोणी राहायचंच नाही. सगळे बसून, हळू आवाजात, कॉफी पीत बोलायचे. तिने पहिल्याच बैठकीत एका बेल्जियन गृहस्थाचं बोलणं मध्येच तोडलं. त्यांनी नम्रपणे थांबून तिला बोलू दिलं आणि पुढचे कित्येक दिवस तिला कोणी काही विचारलंच नाही. तिच्या राहत्या खोलीत इनेस नावाची एक स्पॅनिश बाई होती, तीही प्रशिक्षणावर आलेली. ती न्यायाधीश होती, पण तिच्या देशात न्यायाधीशच गुन्ह्याचा तपासही चालवतात. हे समजून घ्यायलाच नैनाला आठवडा लागला.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज रडवेला. "सुशांत, मला इथे काही काम नाहीये यार. मी नुसती फायली वाचते. मी परत येते."

सुशांत स्वयंपाकघरात उभा होता. समोर सोफ्यावर नेत्रा झोपली होती. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर ती वरच्या दांड्यांना लटकता लटकता पडली होती. नैनाला हे सांगायचं म्हणूनच तो दिवसभर धीर गोळा करत होता. आता त्याच्या लक्षात आलं की हे एक वाक्य बोललं तर ती उद्याच्या विमानात असेल. आणि ती आलेली त्याला हवीच होती. घर उलटंपालटं झालं होतं, आदल्या रात्री तो धड झोपला नव्हता.

"नेत्रा कशी आहे?" नैनाने विचारलं.

"झोपलीये," तो म्हणाला. "तू ख्रिसमसपर्यंत तरी थांब. आम्ही दोघं येतोच आहोत. मग ठरव."

रविवारी नेत्रानेच फोन उचलला. "मॉम! गेस व्हॉट कलर माय कास्ट इज! पर्पल!"

तिने फोन बाबाच्या हातात दिला. नैनाचा आवाज आता रडवेला अजिबात नव्हता.

"शुक्रवारी मी तुला विचारलं होतं, नेत्रा कशी आहे. तू काय म्हणालास?"

"झोपलीये म्हणालो."

"तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता?"

"होता."

"आणि ते सांगणं तुला रेलेव्हंट वाटलं नाही?"

सुशांतच्या डोक्यात इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम चढला. "अगं, तू परत यायचं म्हणून राहिली होती! हात काय, जुळून येते! तू एक डाव परत आली असती तर पुन्हा गेली असती काय? मी इथं मरून राहिलो वेण्या घालून घालून, अन् ते काय तू नुसत्या फायली वाचून परत यावं म्हणून?"

तिकडून हळूच हसण्याचा आवाज आला. ती एवढी हसली की मागून इनेसने काय झालं म्हणून विचारलेलंही त्याला ऐकू आलं.

"ओके," नैना शेवटी म्हणाली. "राहते. पण पुन्हा काही लपवलंस तर बघ."

त्या आठवड्यात नैनाची आई, सुलेखाताई, शिकागोहून आल्या. दोन बॅगा डेव्हनवरच्या किराण्याने भरलेल्या, कपडे मात्र एका छोट्या पिशवीत. घरभर पुन्हा पोळ्यांचा वास सुटला. एकदा लाटता लाटता त्या सहज म्हणाल्या, "नैना चार वर्षांची असताना मलापण नर्सिंगच्या ट्रेनिंगला मिनेसोटात जायचं होतं. तिचे बाबा म्हणाले, जेवणाचं काय?"

"मग?"

"मग काय, जेवण केलं," म्हणून त्या हसल्या. तव्यावरची पोळी उलटून त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत, सुशांतराव. बरं केलंत." सुशांतने लाटणं मागून घेतलं. त्याची पोळी कुठल्याशा देशाच्या नकाशासारखी झाली, पण फुगली.

ख्रिसमसला बापलेक हेगला जाऊन आले तेव्हा नैना बदललेली दिसली. ती इनेसचं बोलणं पूर्ण ऐकून घेत होती, मग एखादा प्रश्न विचारत होती. त्या प्रश्नांतूनच गोष्ट पुढे सरकली. लॉटरीचे फोन करणाऱ्या एका टोळीची फाइल इनेसच्या गावच्या कोर्टात धूळ खात पडली होती, कारण फसवली गेलेली माणसं समुद्रापलीकडची. डच वकिलांकडे त्याच टोळीचे फोन नंबर होते आणि ते स्पेनची वाट पाहत होते. नैनाकडे ती फसवली गेलेली माणसं होती. तिने सिएटलच्या सहकाऱ्यांना कामाला लावलं आणि फेब्रुवारीत मिसेस लिंडक्विस्ट सिएटलच्या कोर्टात कॅमेऱ्यासमोर बसल्या. पलीकडे स्पेनमधले न्यायाधीश, मध्ये दुभाषी. त्यांना एकामागून एक आवाजांच्या टेप ऐकवल्या. एका टेपला म्हातारीने हात वर केला. "हा. हा प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो." आयुष्यभर मुलांचे सूर तपासलेला कान होता तो.

एप्रिलमधल्या एका सकाळी सुशांत नेत्राचा डबा भरत असताना फोन वाजला. नैना इंग्रजी, मराठी आणि मधूनच स्पॅनिश बोलत होती. पहाटे एकाच वेळी तीन शहरांत छापे पडले होते. घसा साफ करणारा माणूस दारातच सापडला.

"आणि तू काय करत होतीस?" सुशांतने विचारलं.

"फोनची लाइन धरून बसले होते. एकीकडे इनेस, दुसरीकडे डच. मी एक शब्द बोलले नाही, सुशांत! सकाळभर!" हे सांगताना तिला जेवढा अभिमान वाटत होता तेवढा कुठला खटला जिंकून वाटला नव्हता. शेजारच्या दारात पद्मिनीकाकू उभ्या होत्या. सुशांतने त्यांना खिडकीतूनच ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे खरंच ट्रेनिंग होतं!" आणि संध्याकाळी पुरणपोळ्या देऊन गेल्या.

जूनमध्ये नैना घरी आली. उंची वाढलेल्या नेत्राला तिने इतकं घट्ट धरलं की ती "मॉम, आय कान्ट ब्रीद" म्हणून ओरडली. घरी पोचल्या पोचल्या तिने बाह्या सारल्या आणि वरणाला फोडणी द्यायला निघाली. पहिला ड्रॉवर उघडला, त्यात नेत्राचे रबरबँड. दुसऱ्यात मसाल्याच्या बाटल्या, ऑफिसातल्या फोल्डरसारख्या वर्णानुक्रमे लावलेल्या.

"मोहरी कुठे गेली?" तिने विचारलं.

"'म'च्या खाली. तू बस, मी देतो फोडणी," सुशांत म्हणाला.

एरवी तिने लगेच हरकत घेतली असती. आज ती टेबलाशी बसली, नेत्राला मांडीवर ओढलं आणि मोहरी तडतडायची वाट बघत राहिली.